मूळ गावाचा रकाना

प्रभाकरराव बिलोलीकरांचं अक्षर सुंदर होतं, आणि हे त्यांना चांगलंच माहीत होतं. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिणारा हात त्यांचाच. निवृत्त झाल्यावरही लग्नपत्रिकांवर नावं घालून घ्यायला लोक अंबरपेठेला त्यांच्या घरी यायचे. मराठी असो की इंग्रजी, पेन टेकवलं की ओळ सरळ जायची. माणसाला आपली एखादी गोष्ट फार चांगली आहे असं कळून चुकलं की कधी ना कधी तो त्यातून काहीतरी उपद्व्याप करून ठेवतो. प्रभाकररावांनी तो केला ऑक्टोबर २०१४ मध्ये. तेलंगणा राज्य नवं होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्यांची मुलगी सरोज ज्युदो खेळायची. खेळायची म्हणजे फावल्या वेळात नव्हे. नवव्या वर्षी तिच्या इंग्रजी शाळेत डबा पळवणाऱ्या एका पोराला तिने कमरेवरून उचलून आपटलं. मुख्याध्यापकांनी प्रभाकररावांना बोलावून घेतलं. वऱ्हांड्यातच पी.टी.च्या यादगिरी सरांनी त्यांना गाठलं आणि म्हणाले, "सर, गुस्सा नक्को करो. इस बच्ची कू मेरे हवाले करते क्या?" दोन महिन्यांत हौस फिटेल अशा हिशोबाने प्रभाकरराव हो म्हणाले. सरोज यादगिरी सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती पुढची सोळा वर्षं तिथेच होती.

त्या सोळा वर्षांत तिने बावन्न किलो गटात कुमारांचं राष्ट्रीय सुवर्ण घेतलं, मग मोठ्यांचं घेतलं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा घेतलं. पाठीवर कापडी पट्टी असायची, वर बिलोलीकर आणि खाली आंध्र प्रदेश. माइकवरच्या माणसाला ते नाव कधी धड घेता आलं नाही. तो 'बिल्लोली कार' म्हणायचा, आणि शेडमधली पोरं तिला कारच म्हणायची. एकदा ती परदेशातही जाऊन आली. तिथे पहिल्याच फेरीत एका कझाक मुलीने तिला चौदा सेकंदांत पाठीवर पाडलं. अशी स्वच्छ फेक बसली की तिला इप्पोन म्हणतात आणि लढत तिथल्या तिथे संपते. तरी बिलोलीकरांच्या घरातलं परदेशी गेलेलं पहिलं माणूस तीच होती.

याचं मोल शरीराने दिलं. डावा खांदा दोनदा निखळला होता, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, पायाची दोन बोटं वाकडी झाली ती तशीच राहिली. वजन बावन्नाच्या वर जाऊ नये म्हणून कित्येक वर्षांत ती एकाही लग्नात पोटभर जेवली नाही. तिची आई कुसुमताई म्हणायच्या, "मी या पोरीला वाढवलं की वाळवलं, देव जाणे."

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की खांदा आणखी एक हंगाम काढेल, त्यापुढचं विचारू नका. पोलीस खात्यात खेळाडूंच्या राखीव जागेवर उपनिरीक्षक होता येत होतं, पण त्यासाठी नव्या राज्याकडून खेळून राष्ट्रीय पदक आणायला हवं होतं, आणि वयाची मुदत येत्या जूनमध्ये संपत होती. म्हणजे जानेवारीतली राष्ट्रीय स्पर्धा, एवढी एकच संधी. ती हुकली तर हातात काय राहणार होतं? निकामी खांदा, अर्धवट सुटलेलं बी.ए. आणि भिंतीवर जुन्या राज्याची पदकं.

तर त्या संघाच्या निवडीचा अर्ज. नव्या राज्याची नवी ज्युदो समिती झाली होती, तिने नवे अर्ज छापले होते. सरोजने शेडमध्ये मॅटवर पालथं पडून अर्ज भरला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचची मुदत होती आणि तिचा सराव होता, म्हणून तिने तो वडिलांच्या हाती दिला आणि म्हणाली, "बाबा, तेवढा देऊन या. पोच घ्यायला विसरू नका."

प्रभाकरराव दिलसुखनगरला समितीच्या कचेरीत गेले. रांग होती, बाकावर बसले. मास्तरच्या हातात लिहिलेला कागद आणि वर मोकळा वेळ, म्हणजे तो तपासला जाणारच. त्यांनी चष्मा चढवला. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. पुढे 'नेटिव्ह प्लेस' असा रकाना होता. सरोजने लिहिलं होतं, हैदराबाद.

हे मात्र त्यांना सहन झालं नाही.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला गाव विचारा. तो हैदराबाद म्हणणार नाही. त्याचा बाप इथे जन्मलेला असेल, आजा इथल्या सरकारी नोकरीत म्हातारा झालेला असेल, पण गाव विचारलं की तो उदगीर सांगेल, कंधार सांगेल, आणि सांगताना जरा ताठ बसेल. राहायचं ठिकाण वेगळं आणि गाव वेगळं. प्रभाकररावांचे वडील भगवंतराव निजामाच्या महसूल खात्यात होते. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा बिलोली पलीकडे गेली आणि भगवंतराव खुर्चीसकट अलीकडेच राहिले. "गाव तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो," एवढंच ते म्हणायचे. प्रभाकरराव स्वतः बिलोलीला उभ्या जन्मात दोनदा गेले होते, आणि त्यातल्या एका खेपेला पोट बिघडून पूर्णवेळ आडवेच होते. पण आडनावातच गाव होतं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारची घरोघर मोजणी झाली, सगळं शहर दिवसभर घरात बसलं होतं, तेव्हाही मोजणीला आलेल्या पोरीला चहा पाजून त्यांनी बिलोलीची अर्धा तास माहिती दिली होती. ती बिचारी तेलुगू होती, मान डोलावत राहिली.

टेबलामागे अंबाजी बसला होता. जुन्या संघटनेतला कारकून, नव्या समितीने तसाच पुढे चालू ठेवलेला. त्याचा मुलगा प्रभाकररावांच्या हाताखाली शिकला होता.

"अंबाजी, जरा व्हाइटनर देता का? पोर गाव लिहायला चुकली."

अंबाजी हसला. "आजकालच्या पोरांना गाव कुठं ठाऊक राहतंय सर? आमचं मुखेड म्हणून सांगा, तर माझा लेक म्हणतो ते कुठल्या बसस्टॉपला येतंय."

दोघंही मनसोक्त हसले. प्रभाकररावांनी हैदराबादवर पांढरा थर दिला, फुंकर मारून वाळवला आणि वर आपल्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं, बिलोली, जिल्हा नांदेड, महाराष्ट्र. अंबाजीने शिक्का मारला. पोच खिशात घालून प्रभाकरराव समाधानाने घरी आले. आपण पोरीच्याच पायावर कुऱ्हाड घातली आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

निवडीच्या लढती नोव्हेंबरात झाल्या. बावन्न किलोत शेवटची लढत सरोजची लावण्याशी लागली. लावण्या एकोणीस वर्षांची, त्याच शेडमधली, सरोजच्याच हाताखाली पडायला शिकलेली. सरोजने दुसऱ्याच मिनिटाला तिला खांद्यावरून फेकून इप्पोन घेतला आणि मग स्वतःच तिला हात देऊन उठवलं. यादगिरी सरांनी शिट्टी मारली. त्या दिवशी घरी कुसुमताईंनी पोरीला दोन घास जास्त वाढले आणि पोरीने ते खाल्ले.

आठ दिवसांनी यादी लागली. बावन्न किलो, लावण्या. सरोजचं नाव खाली वेगळ्या कागदावर होतं. पुढे शेरा होता, अपात्र, अन्य राज्य.

सरोज घरी आली तेव्हा प्रभाकरराव चहा घेत होते. तिने पिशवी जमिनीवर आपटली.

"बाबा, माझ्या फॉर्मवर कुणीतरी व्हाइटनर लावलंय म्हणे! मी साफ हैदराबाद लिहिली होते. त्यांनी वर महाराष्ट्र लिहून ठेवलेत. मला फॉर्म दाखवायलाही तयार नाहीत, खिडकीतूनच एवढं सांगून हाकलले. लावण्याला घुसवायचं होतं, दुसरं काय?"

प्रभाकररावांनी कप बशीत ठेवला. सगळं एका क्षणात त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तोंड उघडलं.

"ज्याने हे केलं ना बाबा," सरोज म्हणाली, "तो मला सापडू दे. त्याचा हात मोडते की नाही बघा."

ते तोंड त्यांनी मिटलं. राग निवळला की सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी ती रडत होती, तेव्हा कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बाहेर पडली. तिसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं, हा आणखी एक प्रश्न उभा राहिला. अशा गोष्टी पहिल्या घोटालाच सांगायच्या असतात. एकदा ती वेळ गेली की रोज त्या थोड्या जड होत जातात. प्रभाकररावांनी आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं, आणि आता साठाव्या वर्षी त्यांची जीभ टाळ्याला चिकटून बसली होती.

सरोजने धावाधाव केली. जुनी संघटना विजयवाड्याला गेली होती. तिथे फोन केला तर म्हणाले, "तुम्ही हैदराबादच्या, म्हणजे तेलंगणाच्या. आमचा संबंध संपला." नांदेडला प्रभाकररावांचे चुलतभाऊ दत्तोबा होते. त्यांनी तिकडच्या लोकांना विचारलं. उत्तर आलं, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणा. पंधरा वर्षं कुठली, तिने बिलोलीत पंधरा मिनिटंही काढली नव्हती. यादगिरी सरांनी शाळेचे दाखले, राशनकार्ड, मतदार यादी, सगळं समितीपुढे नेऊन टाकलं. समितीने नियम दाखवला. अर्जात लिहिलेलं तेच अंतिम, आणि दुरुस्तीची मुदत संपलेली.

"तीन तीन राज्यं आहेत," सरोज एकदा आईला म्हणाली, "आणि मी कुठलीच नाही. मला उभं राहायला कुणी मॅटएवढी जागा देत नाहीत, आई." कुसुमताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रभाकरराव शेजारच्या खोलीत होते. त्यांना हे सगळं ऐकू आलं, आणि आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

एकच वाट उरली होती. कचेरीतल्या माणसाने अर्जात खाडाखोड केली असेल तर मूळ मजकूर धरायचा, असं नियमात होतं. सरोजने तशी लेखी तक्रार केली. समितीने अंबाजीला कामावरून थांबवलं आणि डिसेंबरअखेर सुनावणी ठेवली. संघ त्यानंतर दोन दिवसांनी निघणार होता.

सुनावणीच्या आदल्या दुपारी अंबाजी अंबरपेठेला आला. कुसुमताई बाजारात गेल्या होत्या, सरोज शेडमध्ये होती. लढायला मिळेल की नाही ठाऊक नसताना ती वजन मात्र बावन्नावर राखून होती. अंबाजी दारात चप्पल काढून उभाच राहिला.

"बसा ना अंबाजी."

"नको सर. बसायला नाही आलो." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी कुणाचं नाव घेतलं नाही अजून. मला विचारले, मी म्हणलो ठाऊक नाही. मनात म्हणलो, सर स्वतः येऊन सांगतील."

प्रभाकररावांनी खुर्ची पुढे सरकवली.

"सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही सर. आता शेजारीपाजारी मला चोर म्हणायला लागलेत. तुम्ही उद्या सांगाल ना?"

"उद्या..." प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. "उद्या बघतो, अंबाजी."

"बघतो नका म्हणू सर. सांगतो म्हणा."

प्रभाकररावांनी चष्मा पुन्हा चढवला. अंबाजीने वाकून नमस्कार केला, जसा पूर्वी पालकसभेत करायचा तसाच, आणि तो गेला. त्या नमस्काराने प्रभाकररावांची उरलीसुरली झोप उडाली. खरं सांगावं तर खाडाखोड घरच्याच माणसाची ठरणार, म्हणजे पोर गेली. गप्प बसावं तर अंबाजी गेला, पण पोर जानेवारीत मॅटवर उभी राहणार. त्यांनी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी सरोजचं पारडं खाली जायचं आणि प्रत्येक वेळी त्यांना स्वतःची किळस यायची.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दिलसुखनगर. समितीच्या खोलीखाली कोचिंग क्लास होता. तिथली पोरं एका सुरात रसायनशास्त्राची सूत्रं घोकत होती आणि ते सगळं वर ऐकू येत होतं. टेबलामागे तिघं. मधे सेक्रेटरी हणमंतराव. नाव ऐकून प्रभाकररावांनी पूर्वी एकदा त्यांच्याशी मराठीत बोलून पाहिलं होतं. ते करीमनगरचे तेलुगू निघाले. एका बाजूला यादगिरी सर आणि सरोज, मागच्या खुर्चीवर प्रभाकरराव, भिंतीशी अंबाजी.

"सीधी बात करते," हणमंतराव म्हणाले. "फॉर्म में ऑफिस के अंदर गडबड हुई, ऐसा साबित हुआ तो मॅडम टीम में जाते. अंबाजी घर कू जाता. और जिसने लिखा उस पे पोलीस केस. खिलाड़ियों के कागज़ों से खेलना मज़ाक नहीं है. ठीक?"

"हौ सर," सरोज म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. ती लढतीआधी असायची तशी बसली होती, पाठ ताठ, हात मांड्यांवर.

हणमंतरावांनी फाईल उघडून अर्ज तिच्यापुढे सरकवला. एवढ्या दिवसांत तिने तो पहिल्यांदा पाहिला. "देखो मॅडम. ये लिखावट किसकी है? अंबाजी की है क्या?"

सरोजने कागद उचलला. प्रभाकररावांना तिचा चेहरा बाजूने दिसत होता. तिला मराठी वाचताना अजून अडखळायला व्हायचं, पण हे इंग्रजी होतं, आणि इंग्रजी नसतं तरी चाललं असतं. बिलोलीचा बी भरदार होता, एलचा फाटा उंच होता, आणि शब्दाखाली दोन छोट्या आडव्या रेघा होत्या. चुकलेलं उत्तर दुरुस्त केलं की प्रभाकरराव खाली अशा दोन रेघा मारायचे. मारताना त्यांचं लक्षही नसायचं. बालवाडीपासून दहावीपर्यंतच्या सरोजच्या एकूण एक वहीत त्या होत्या.

तिने पहिल्यांदा अर्जाकडे पाहिलं, मग अंबाजीकडे, आणि मग मान वळवून वडिलांकडे. रागाने नाही. राग असता तर त्यांना तो चालला असता. एखाद्याने आपल्याला नेमकं कुठून उचललं हे हवेत असतानाच कळावं, तशी ती पाहत होती.

उठायचं होतं ते आत्ता. प्रभाकररावांना ते कळत होतं. त्यांनी खुर्चीचे हात धरले. ते तसेच धरून बसले.

"मॅडम? किसका है?"

"मेरा," सरोज म्हणाली.

यादगिरी सर ओरडलेच, "क्या बोलते तुम?"

"मेराच है सर. मैंच लिखी. घर में सब गाव बिलोली बोलते, तो मैं बाद में काट के वो लिख दी. यादी लगी तो डर गई. अंबाजी काकांची काही चूक नाही." शेवटचं वाक्य तिने मराठीत, भिंतीकडे बघून म्हटलं.

अंबाजीने डोळे मिटून घेतले. हणमंतरावांनी बाजूच्या दोघांकडे पाहिलं. त्यांना मनातून सुटल्यासारखं वाटलं असावं, पण चेहरा त्यांनी कडक ठेवला. "मतलब शिकायत झूटी. एक गरीब आदमी पे इल्ज़ाम लगाये आप. इसका मालूम है ना क्या होता? दो साल का बॅन. खेलना बंद. लिख के दो इधर."

दोन वर्षं. तिच्या खांद्याला एक हंगाम होता आणि नोकरीला जूनपर्यंतची मुदत. हणमंतरावांनी हे हिशोब मांडलेले नव्हते, त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. सरोजने पेन घेतलं आणि लिहायला लागली.

तेव्हा कुठे प्रभाकरराव उठले. खुर्ची मागे पडली.

"मी लिहिलं," ते म्हणाले. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाले, "मैंने लिखा साहब. मेरा अक्षर है. मेरी बेटी हैदराबाद लिखी थी. मैंने मिटाया. इसी कमरे में, उस बाकड़े पे बैठ के."

खाली सूत्रं चालू होती. हणमंतरावांचा आवाज मऊ झाला, तेच वाईट झालं.

"बैठो सर. आप बाप हैं, मैं समझता. मेरी भी बेटी है. मैं आपकी जगह होता तो मैं भी यहीच बोलता."

"नहीं साहब, सच बोल रहा हूँ! अंबाजी से पूछिए. अंबाजी, सांगा ना. तुम्हीच व्हाइटनर दिलं होतं मला. सांगा!"

"होय साहेब," अंबाजी भिंतीपासून सुटून पुढे आला. "सर सच बोलते. मेरे सामने लिखे. बच्ची की कुछ गलती नहीं."

"कल तक तुमकू कुछ मालूम नहीं था, अंबाजी," हणमंतराव म्हणाले. "बच्ची ने तुमकू बचाया, अब तुम बच्ची कू बचाते. तुम लोगों की एक ज़बान, एक मुलुक, मैं समझता. जाओ, सोमवार से काम पे आओ."

"बाबा, बस करा," सरोज कागदावरून मान वर न करता म्हणाली. "नक्को आता."

"नको कसं? नको कसं, सरू?" प्रभाकरराव टेबलापाशी आले होते. "साहब, एक कागज़ दीजिए. मैं लिख के दिखाता. पूरे हैदराबाद में ऐसा अक्षर दूसरा नहीं मिलेगा आपको. मिला के देख लीजिए. फिर मुझ पे केस करो, जेल में डालो. उसको जाने दो."

हणमंतरावांनी नाइलाजाने फाईलमधला एक छापील कागद पालथा करून दिला. प्रभाकररावांनी खिशातलं आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं.

छत्तीस वर्षांत तो हात कधी हलला नव्हता. आता बीचं पोट फुटलं, एल आडवा झाला, आणि शेवटचा आय कागदावरून घसरून टेबलावर गेला. त्यांनी ते खोडून खाली पुन्हा लिहिलं. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट आलं. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. मग खाली रेघा मारायला गेले, त्या एकमेकींत घुसल्या.

हणमंतरावांनी अर्ज उचलून शेजारी धरला. बाकीचे दोघंही वाकून बघू लागले. यादगिरी सरांनी बघितलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"नहीं मिलता सर," हणमंतराव हळू आवाजात म्हणाले. "आप ही देख लो. नहीं मिलता."

सरोजने आपलं लिहून संपवलं होतं. ते अक्षर अर्जाशी ताडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. खाली सही केली, तारीख घातली, कागद हणमंतरावांपुढे ठेवला आणि उठून वडिलांच्या दंडाला धरलं. सोळा वर्षांत तिने किती जणींना असं धरलं असेल, पण इतकं हलक्या हाताने कुणालाच नाही.

"चला बाबा. आई वाट बघते."

"थांब," प्रभाकरराव म्हणाले. "थांब जरा, हात थंड पडलाय. होतं नीट." त्यांनी कागद फिरवला. मागची बाजू छापील होती, तिथे जागा नव्हती. "साहब, एक और कागज़ दीजिए," ते म्हणाले, आणि समासात जिथे बोटभर पांढरं दिसलं तिथे पुन्हा लिहायला लागले.